टेबल, खुर्ची, पलंग

फेन्ना चोपन्न वर्षांची होती आणि ॲमस्टरडॅममधलं हे तिचं बारावं घर. आधीच्या अकरांतलं एकही तिच्या मालकीचं नव्हतं, आणि एकातूनही ती आपणहून निघाली नव्हती. मालकानं वर्षवर्ष कुलूप घालून ठेवलेलं घर उघडायचं आणि तिथं राहायचं, ही आमच्या लोकांची रीत. कुणी चोर म्हटलं की फेन्ना म्हणायची, "लोक रस्त्यावर असताना घर रिकामं ठेवणारा कोण मग, साधू?"

वर्षातले चार महिने ती फिरतीवर असायची. खांद्याला टेप-रेकॉर्डर आणि पाठीवर एक पिशवी, बस्स. त्रिएस्तच्या बंदरातल्या साखळ्या, इर्कुत्स्कच्या गाडीचे डबे, टँजियरच्या बोटीवरची भांडणं, सगळं टेपवर घेऊन यायची. मग त्याचे तुकडे करून, स्वतः झाळकाम करून बांधलेल्या सिंथेसायझरमधून काढायची. जे निघायचं त्याला संगीत म्हणणं पहिली काही वर्षं आम्हालाही जड गेलं. पुढं सवय झाली, आणि एक दिवस कळलं की हे ऐकताना आपल्याला रडू येतंय.

पण फिरायचं तर मागं घरात कुणीतरी हवं. उघडलेलं घर तासभरही रिकामं सोडायचं नसतं, मालक बोक्यासारखा टपलेला असतो. मागं राहायचा वुब्बो. ग्रोनिंगनकडचा, सत्तरीकडं झुकलेला, उंच, हडकुळा, एकेकाळी गोदीत सुतार. सव्वीस वर्षं तो फेन्नाच्या घरांत राहत आला. नवराबायको नव्हते ते. "असतो तर दोन वर्षंही टिकलो नसतो," असं तोच म्हणायचा.

या खेपेला दोघंही पार थकले होते. आधीचं घर सप्टेंबरात गेलं, त्यानंतर सहा आठवडे याच्या-त्याच्या सोफ्यावर काढले. वुब्बोचा खोकला हटत नव्हता. त्यात पुढच्या वर्षी आमचं हे सगळंच बेकायदा ठरणार अशी बोलवा होती. पूर्वेकडच्या गोदीजवळची ही बंद लॉन्ड्री टिकली तर हिवाळा निभणार, नाहीतर वुब्बोच्या छातीचं काही खरं नव्हतं.

रविवारी दुपारी, नेहमीसारखीच, चाळीसेक माणसं जमली. दार उघडलं, कुलूप बदललं आणि टेबल, खुर्ची, पलंग आत नेले. या तीन वस्तूंवर आमचं सगळं चालतं. पोलीस येतात, तिन्ही बघतात आणि इथं कुणी राहतंय असं मानतात. मग मालकाला कोर्टात जावं लागतं, आणि कोर्ट म्हणजे महिने, कधी वर्षंसुद्धा. तिन्हींतलं एक नसेल तर आपण नुसते दार फोडणारे. नव्या माणसाला हा धडा पहिला देतात, आणि दर बुधवारी कॅफेत बसून तो देणारी फेन्नाच होती.

त्या रविवारी पोलीस फुटबॉलच्या गर्दीत अडकले होते. दोन-तीन दिवसांत येतो, असा निरोप आला. पलंग एकानं दिला, खुर्ची दुसऱ्यानं. टेबल आणायचं सगळेच विसरले, म्हणून तात्पुरतं फेन्नाचं कामाचं टेबल मांडलं; दुसरं बुधवारी यायचं होतं. त्याला यंत्रं घट्ट बसवायला भोकं पाडलेली होती.

मंगळवारी दुपारी एका जुन्या चर्चमध्ये तिचा कार्यक्रम होता. दुसऱ्या टेबलावर तिचे हात चालत नसत.

"टेबल नेतेस?" वुब्बोनं विचारलं.

"पोलीस यायचे तर सकाळीच येतात. आजवर दुपारी आलेत कधी?"

"आणि आलेच तर?"

"तू उगीच पिरपिर करू नकोस हं. पाचला परत आणते."

वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. उलट त्यानंच टेबल तिच्या सामानाच्या सायकलवर चढवायला हात लावला.

कार्यक्रम असा रंगला की लोक उठेनात. फेन्ना सहापर्यंत तिथंच रेंगाळली.

आणि कर्म बघा, पोलीस सव्वातीनलाच आले होते, सोबत मालक. त्यातला वयस्कर पोलीस माणूस वाईट नव्हता.

"अहो, टेबल कुठाय?"

"वाजवायला गेलंय," वुब्बो म्हणाला.

"मग ते तिकडं राहतं. इथं नाही."

"खिडकीच्या कठड्यावर जेवतो मी. हे बघा, सूप सांडलंय."

पोलिसानं कठडा पाहिला, मान खाली घातली. "मला दिसलं तेवढंच लिहिता येतं, आजोबा."

फेन्ना परतली तेव्हा दाराला नवं कुलूप होतं. फुटपाथवर खुर्ची, खुर्चीत वुब्बो, आणि भिंतीला टेकवलेली गादी. तिला न सांगताच सगळं कळलं. ती सायकलचं हँडल धरून उभी राहिली. नव्यानव्यांना तो धडा देणारी आपण, आणि आपल्याच हातानं घर घालवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कसा झाला?" वुब्बोनं विचारलं.

"चांगला," ती कशीबशी म्हणाली.

"ऐकव मग. आज घर राखायचं नाहीये मला."

सव्वीस वर्षांत त्यानं तिचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. तिनं रेकॉर्डर काढला, हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि गादी आडवी करून शेजारी बसली. तो चाळीस मिनिटं डोळे मिटून ऐकत राहिला, खोकला आला की तोंडावर मूठ धरत. शेवटी त्यानं हेडफोन उतरवले.

"त्या गाड्यांत मलाही बसायचं होतं गं," तो म्हणाला. "तू एकदाही विचारलं नाहीस."

"तुला घरात बसायला आवडतं असं वाटायचं मला."

"कुणाला आवडतं?"

फेन्ना रडायला लागली. मग नाक पुसत म्हणाली, "आता विचारते. येतोस?"

वुब्बोनं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, राग धरायलाही अंगात काही उरावं लागतं.

"आता मला त्या कोपऱ्यापर्यंत चालवत नाही, फेन्ना," तो म्हणाला.