खालच्या थराचा चार्ट

इंदुताईंनी सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा माउस हातात धरला, तो निसटून पळून जाईल अशा भीतीनं. आकुर्डीत साबियाचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालतो. कॉलेजच्या पोरींच्या रांगेत या एकट्याच कंपनीच्या गणवेशात, रिकामा डबा मांडीवर घेऊन बसायच्या. नवरा ज्योतीराम गल्लीभर सांगत सुटला, "आमची मंडळी आता कंपनी चालवणार हाय!" चेष्टाच ती. पण क्लासच्या वेळेला हाच गडी घरात मेथी निवडत बसलेला गल्लीनं खिडकीतून पाहिलाय, आणि गल्ली काही कुणाचं झाकून ठेवत नाही.

आता साबियाबद्दल सांगायलाच हवं. आकुर्डीतली निम्मी लग्नं तिच्या माउसवर जमलीत. तिच्या हाताखाली मुरूम टिकत नाही, वण टिकत नाही, सावळी पोरगी पाच मिनिटांत गोरी होते. इंदुताईंचा सुपरवायझर धनेश, त्याच्या लग्नाच्या बायोडाट्यावरच्या फोटोतले केससुद्धा तिनंच लावलेत. हे कुठं बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणूनच सगळ्यांना माहीत आहे.

इंदुताई मूळच्या उदगीरकडच्या. चाकणला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. हेडलाइटच्या आत आरशासारखी चकचकीत वाटी असते ना, ती क्रेटमधून उचलायची, निरखायची, खोक्यात भरायची. एका क्रेटमध्ये वाट्यांचे चार थर. क्रेट जमिनीवर. वरचा थर हसत निघतो. खालच्या थराला मात्र कंबरेतून पार वाकून, चाचपडत हात घालावा लागतो. मग वाटीला वाटी घासते आणि ओरखडा उठतो. पाच बायांच्या कंबरा मोडत होत्या, आणि वर बोलणी बसत होती ती निष्काळजीपणाची.

इंदुताईंनी काय केलं? पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चार ओळी आखल्या, एकेक थराची. ओरखडा दिसला की त्या थरापुढं एक रेघ. पंधरा दिवस. मग मालाखाली घालायचे पडीक लाकडी पॅलेट ओढून आणले, त्यावर क्रेट उंच आणि कलता ठेवला, आणि आणखी पंधरा दिवस रेघा मारल्या. रेघा मोजून आकडे क्लासात एक्सेलच्या शीटमध्ये भरले, आपल्या पेनड्राइव्हवर.

धनेश म्हणाला, "ताई, ही लाकडं सोमवारी भंगारात जाणार. जागा अडते राव. शनिवारी क्वालिटी सर्कलची स्पर्धा आहे, तिथं साहेबांना पटवा, नाहीतर क्रेट पुन्हा खाली."

क्वालिटी सर्कल म्हणजे लाइनवरची एक अडचण कामगारांनीच शोधायची, उपाय करायचा आणि हॉलमध्ये सगळ्यांपुढं पडद्यावर मांडायचा. इंदुताईंनी ओरखडे पडलेल्या वाटीचा आणि नंतरच्या चांगल्या वाटीचा फोटो मोबाइलवर काढून साबियाला दिला.

"यात चार्ट बी टाकू या की," त्या म्हणाल्या.

"अगं ताई, तुझे ते आकडे कोण वाचतं? फोटो बोलतो, फोटो! मी मस्त करून देते."

शनिवारी सकाळी कंपनीच्या बसला जाता जाता साबियाकडून पेनड्राइव्ह परत हातात पडला. बघायला वेळ कुठला!

हॉल गच्च भरलेला. मशीन शॉपच्या गड्यांनी तर नाटकच केलं. 'वेस्टेज' नावाचा राक्षस मिशा लावून नाचला, टाळ्या थांबेनात. मग इंदुताईंचं नाव पुकारलं. प्लांटचे मोठे साहेब, जयसिंग साहेब, पहिल्या रांगेत बसलेले.

पडद्यावर शब्द उमटला, 'आधी'. खाली वाटी. अशी लखलखीत, की तीत बघून भांग पाडावा! ओरखड्याचं नाव नाही. मग 'नंतर'. तीही तशीच.

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, यातली आधीची कुठली?"

हॉल खदखदला. धनेशनं हाताची घडी घातली. इंदुताईंच्या मात्र एका क्षणात लक्षात आलं. साबियाचा हात! डाग दिसला की पुसायचाच. ओरखडा तिला नवरीच्या गालावरचा वण वाटला असणार.

त्यांनी थेट पहिल्या रांगेकडं पाहिलं. "साहेब, आमच्या फोटोवालीला नवऱ्या नटवायची सवय हाय. तिनं वाटीलाबी नटवलं बगा. आकडे मातर तिच्या हाती गेले न्हाईत. ते हायेत तसेच काळेसावळे हायेत."

आता हसू निराळं उठलं. साहेबही हसले. "दाखवा की आकडे."

इंदुताईंनी पेनड्राइव्हवरचं आपलं शीट उघडलं. आकड्यांची रांग निवडली, चार्टवर गेल्या, आडव्या पट्ट्यांवर टिचकी दिली. एक्सेल पहिली ओळ तळाला टाकतं हे क्लासात दोनदा रडून कळलं होतं, म्हणून थर आधीच उलटे लिहिलेले. पडद्यावर क्रेटच उभा राहिला! वरची पट्टी चारची, बोटभर. त्याखाली सहा, मग तेरा. आणि तळाला एकेचाळीस, थेट पडद्याच्या कडेपर्यंत.

"ह्यो खालचा थर, साहेब. हितं आमची कंबर जाती आणि तुमची वाटी जाती."

मग त्यांनी दुसरा चार्ट काढला, पॅलेटनंतरचा. तीन, पाच, सहा, सात. पण हे काय! तळाची पट्टी पुन्हा तेवढीच लांब!

"ताई, फरक काहीच नाही की!" धनेश बसल्या जागेवरून म्हणाला.

"दम धरा, भाऊ. याची फूटपट्टी बदललीया. सातच्या मापानं मोजलं तर सात लांबच दिसणार." त्यांनी खालच्या अक्षावर क्लिक केलं, कमाल आकडा पंचेचाळीस लिहिला, पहिल्या चार्टसारखाच, आणि एंटर मारला.

पट्ट्या सर्रकन आत ओढल्या गेल्या. तळाची तर चिमटीएवढी झाली. पॅकिंगच्या चौघी बाया उभ्याच राहिल्या, विजयश्रीनं तर शिटी मारली. कोण म्हणालं होतं तिला शिटी येत नाही?

जयसिंग साहेब उठले ते थेट लाइनवर, अख्खा हॉल मागोमाग. पॅलेटवर चढवायच्या राहिलेल्या, जमिनीवरच्या एका क्रेटमध्ये त्यांनी स्वतः वाकून तळाची वाटी काढली. वाटी आली, पण साहेब लगेच सरळ होईनात. कंबरेवर हात ठेवून तसेच म्हणाले, "धनेश, सोमवारी भंगारवाला नको. वेल्डरला बोलव. क्रेटसाठी पाच लोखंडी स्टँड."

बक्षीस राक्षसालाच गेलं. पॅकिंगच्या एकीलाही त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी धनेश मोजायची टेप आणि वही घेऊन आला. "ताई, किती उंच करायचे? एकच माप सांगा."

"माझ्या मापानं करा!" विजयश्री म्हणाली. "तुझ्या? मला शिडी लागंल!" दुसरी ओरडली. पाचही जणी एकदम बोलायला लागल्या.

इंदुताईंनी टेप धनेशच्या हातातून काढून घेतली. "एकच कसं सांगू? पाच बाया, पाच कमरा. आन ती वही हिकडं." आणि पहिलं माप त्यांनी विजयश्रीचं घेतलं.