सातवी निळी टोपी

गेस्टांची बस कसाऱ्याच्या घाटात अडकली होती आणि मी रविवार कारंज्यावर सात निळ्या टोप्या घेऊन उन्हात उभा होतो. दिवस रंगपंचमीचा. समोरच्या दुकानदाराने शोकेसला प्लास्टिक बांधलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि मला विचारलं, "काका, आज वॉक? आज?"

मी टोप्या पुन्हा एकदा मोजल्या. 

मी मूळचा रेल्वेतला टीसी. नोकरी सगळी इगतपुरी-मनमाड पट्ट्यात गेली. रिटायर होऊन घरी बसलो तर बायको म्हणाली, "रिटायर तुम्ही झालात, मी नाही. सारखं 'चहा झाला का' विचारत फिरू नका." मग मी मुंबईच्या एका टूर कंपनीसाठी हेरिटेज वॉक घ्यायला लागलो. म्हणजे जुन्या शहरातून पायी फेरी मारायची, आठ-दहा ठिकाणी थांबायचं आणि गोष्टी सांगायच्या. थांबायच्या जागेला आमच्यात स्टॉप म्हणतात. माझा वॉक इंग्रजी अमदानीतल्या नाशिकचा. मेन रोड, दगडी इमारती, पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेलेला सरकारवाडा, शेवटी गोदावरीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल. कुणाचा ढापलेला नाही. एकेक दगड मी स्वतः उन्हात फिरून बघितलाय.

आणि त्या दिवशी त्याच वॉकचा निकाल होता. कंपनीचे मालक कामत साहेब स्वतः साधा गेस्ट बनून येणार होते. आवडला तर वॉक वर्षभर चालू, नाही आवडला तर बंद. हे फक्त मला आणि ऑफिसातल्या शर्वरी मॅडमना माहीत. बाकीच्या सहा गेस्टांना पत्ता नाही.  हा वॉक गेला असता तर मी परत सोफ्यावर, आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात.

तारीख मॅडमनी ठरवली होती. मी फोनवर सांगून बघितलं.

"मॅडम, त्या दिवशी रंगपंचमी आहे."

"काका, होळी झाली की! म्हणून तर डेट पुढे टाकली. सेफ."

"अहो, तुमच्याकडे रंग धुळवडीला खेळतात. नाशिकमध्ये धुळवडीला कुणी ढुंकून बघत नाही. आम्ही रंगपंचमीला खेळतो."

"म्हणजे गालाला थोडं लावतात ना?"

गालाला! आता या बाईला रहाड कशी समजावायची? जुन्या नाशकात भर रस्त्याखाली दगडी हौद पुरलेले आहेत, पेशवाईतले. वर्षभर वरून गाड्या जातात, कुणाला कळतही नाही. रंगपंचमी आली की रस्ता उकरायचा, हौद साफ करायचा, पळसाची फुलं उकळून रंग करायचा, पूजा करायची, आणि मग अख्ख्या गावाने त्यात उड्या मारायच्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. हौद डोक्याएवढा खोल. उडी मारली की पाणी आजूबाजूच्या गॅलऱ्यांपर्यंत उडतं. त्या उडीला म्हणतात धप्पा. एवढं सगळं सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "ओके, मग गेस्टना सांगते, एक्स्ट्रा रुमाल ठेवा."

माझा प्लॅन साधा होता. रहाडी दुपारनंतर रंगतात, वॉक सकाळीच उरकून टाकू. पण घाटात ट्रेलर बंद पडला आणि बस आली ऐन दुपारी.

बसमधून माणसं उतरली आणि मी कपाळावर हात मारला. सगळे पांढऱ्या कपड्यांत! उन्हाळा म्हणून कंपनीनेच कळवलं होतं, पांढरे सुती कपडे घाला. पार्ल्याच्या मिसेस पै तर पांढऱ्याशुभ्र लिननच्या कुर्त्यात. "काका, फोटो चांगले येतील ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "फोटो तर येतीलच." शेवटी उतरले कामत साहेब. साठीचे, भरघोस मिश्या, तोंडात वेलदोडा. माझ्याकडे बघून मान हलवली, एवढंच.

सगळ्यांना निळ्या टोप्या दिल्या. गर्दीत आपला माणूस ओळखायला टोपी फार कामाची. हेडकाउंट, म्हणजे डोकी मोजणं, हा गाइडचा पहिला धर्म, आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही. चालत्या डब्यात विनातिकीट माणूस मी वासावरून ओळखायचो.

पहिले स्टॉप झकास झाले. मेन रोडला रंगाचे दोन-चार शिंतोडे आले, मिसेस पै किंचाळल्या, पण निभावलं. मी बोलत होतो आणि एक डोळा कामत साहेबांवर. चेहरा कोरा. हसणं नाही, प्रश्न नाही. मी एक हमखास हशा पिकवणारा किस्सा टाकला. सहाजण हसले. साहेबांनी वेलदोडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

पुढे रस्ता बंद होता. बॅरिकेडपाशी पोलीस म्हणाला, "काका, इकडून नाही, गल्लीतून जा." मी म्हणालो, "अहो, गल्लीत रहाड आहे!" तो म्हणाला, "मग काय, धप्पा मारून जा!" आणि खो खो हसला.

गेलो गल्लीत. ढोल असा वाजत होता की छातीत हादरे बसत होते. वरून शॉवर, खालून पिचकाऱ्या, गॅलरीतून बादल्या. "भिंतीच्या कडेने चला! कुणी थांबू नका! टोप्या काढू नका!" मी ओरडत होतो. तेवढ्यात रहाडीत एक दणदणीत माणूस पोटावर पडला. धप्प! पिवळ्या पाण्याची भिंतच उठली आणि आमच्यावर येऊन कोसळली. माझ्या चष्म्याच्या काचा पिवळ्याजर्द. पुसला तर आणखी माखला. शेवटी खिशात टाकला. चष्मा नसला की मला माणसं दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

आणि मग सगळं हाताबाहेरच गेलं. मिसेस पैंना लिननचं दुःख अर्धं मिनिट झालं असेल. नंतर बघतो तर बाई कुणाच्या तरी हातातली बादली हिसकावून अनोळखी माणसांवर ओतताहेत! बाकीचे ढोलापुढे नाचायला लागले. मीही नाचलो. हो, नाचलो. नाशिकचा माणूस आहे मी, तो ढोल कानावर पडल्यावर पाय काय ऐकतात होय? इतकं हसलो की बरगड्या दुखायला लागल्या.

थोड्या वेळाने टीसी जागा झाला. माणसं गोळा केली. सगळी नखशिखांत पिवळी. टोप्या मोजल्या. सहा.  इकडेतिकडे पाहिलं तर एका ओट्यापाशी सातवी टोपी! खाली मिश्या, पिवळा सदरा, शांतपणे उभे. मी धावत जाऊन हातच धरला. "सर, चला, ग्रुप सोडू नका." ते काहीतरी बोलले, ढोलात ऐकू आलं नाही. ओढतच आणलं.

तिथून पुढे जो वॉक झाला ना, तसा मी जन्मात घेतला नव्हता. साहेब खुलले होते! रंगाचा महिमा, मी मनात म्हणालो. एका जुन्या दगडी इमारतीच्या कमानीखाली मी सांगत होतो की कमान बांधताना मधला दगड सगळ्यात शेवटी बसवतात. तो बसला की दोन्ही बाजू एकमेकींना रेटून उभ्या राहतात, तो काढला की सगळं खाली. साहेबांनी मान वर करून बराच वेळ बघितलं आणि जोरजोरात मान डोलावली. सरकारवाड्याच्या लाकडी खांबाला त्यांनी हात लावून पाहिला. पुलावर तर चक्क माझ्या पाठीवर थाप मारली! मी हवेत. मिसेस पै माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हे काका आता किती छान हसतात हो!" मला वाटलं, झालं काम. वॉक वाचला. बायकोला पेढे न्यायचे.

हॉटेलात पोचलो. वेटरांनी खुर्च्यांवर वर्तमानपत्रं अंथरली. साहेबांसाठी मी स्वतः मिसळ मागवली, तर्री वेगळी. ते हात धुऊन बसले आणि काय जेवले! मी समाधानाने बघत होतो. तेवढ्यात फोन वाजला. साहेबांच्या सदऱ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांनी तो काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या. त्या काकांचा हाय."

"कुठल्या काकांचा?"

"ज्यांची ही टोपी हाय त्यांचा. मला म्हनले, जरा धर, उडी मारून येतो. दोन्ही हातात सामान, म्हनून टोपी डोक्यावर घातली. तेवढ्यात तुम्ही आलात."

मी खिशातून चष्मा काढला, ग्लासातल्या पाण्यात धुतला, नाकावर चढवला. समोर एक संपूर्ण अनोळखी माणूस पाव खात होता. नाव विचारलं. बबनराव. मखमलाबादचे, सकाळी बाजारात झेंडू विकून रहाड बघायला थांबलेले.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सर सर म्हनत हात धरून नेलं. मला आजवर कोनी सर म्हटलं नाय. म्हटलं चला, बघू तरी कुठं नेतात."

मिसेस पै म्हणाल्या, "मला वाटलंच. आधीचे एवढे हसत नव्हते."

फोन अजून वाजतच होता. स्क्रीनवर शर्वरी मॅडम. उचलला.

"काका? सरांच्या फोनवर तुम्ही? सर कुठेयत?"

"फील्डवर आहेत," मी म्हणालो आणि फोन ठेवून दिला.

बबनरावांना बरोबर घेतलं आणि धूम ठोकली. रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढे नको नको ते. साठीचा माणूस, खोल हौद, मुंबईचा मालक, आणि गाइड मी! वॉक गेला खड्ड्यात, माणूस जागेवर असू दे, एवढंच म्हणत होतो. बबनराव मागून धीर देत होते, "काय होत नाय हो. काठावर पोरं असतात वढायला."

गल्लीत शिरलो आणि बघतो तर काय. कामत साहेब रहाडीच्या काठावर, उघड्या अंगाने, पिवळेधमक. गल्लीतली पोरं एका सुरात ओरडताहेत, "काका! काका! काका!" साहेबांनी नाक धरलं, डोळे मिटले आणि धप्प! पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. पोरांनी ओढून बाहेर काढलं तर हा कोऱ्या चेहऱ्याचा माणूस लहान मुलासारखा खदाखदा हसत होता. मला बघून म्हणाला, "अहो, कुठे होतात? सहावा धप्पा हा! मी रोज पोहतो, पण तिकडे कुणी ओरडत नाही हो!"

मला रडू आणि हसू एकदमच आलं. ओट्यावर बसलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. टोपी, चष्मा, मिसळ, सगळं. साहेब ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा पुन्हा तसाच कोरा झाला.

"म्हणजे अर्धा वॉक मी केलाच नाही," ते म्हणाले. "मग मी मत कसं देणार?"

मी पुन्हा चष्मा पुसायला लागलो.

साहेब बबनरावांकडे वळले. "तुम्ही केलात ना पूर्ण? माझ्या टोपीत? सांगा, कसा होता?"

बबनरावांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. माझा सगळा जीव आता एका झेंडूवाल्याच्या जिभेवर!

"ते कमानीतल्या दगडाचं लय भारी सांगितलं यांनी," बबनराव म्हणाले. "मी त्या दारातनं दर बाजाराला जातो. आज पहिल्यांदा मान वर केली." टोपी साहेबांच्या हातात दिली. "पन एवढं उन्हातनं फिरवलं, पानी नाय विचारलं कुठं."

साहेबांनी खिसे चाचपले, वेलदोडा काही सापडला नाही. मग म्हणाले, "वॉक चालू. पाण्याची सोय करा." आणि सातव्या धप्प्याला निघून गेले.

तेव्हापासून वॉक चालू आहे. प्रत्येक गेस्टला बाटली मिळते. हेडकाउंट मी आता टोप्यांवर करत नाही. प्रत्येकाने आपलं नाव मोठ्याने सांगायचं, हजेरीसारखं. रंगपंचमीचा वॉक तर सगळ्यात आधी भरतो, आणि शर्वरी मॅडम स्वतः येतात, एक्स्ट्रा रुमाल न घेता. बबनराव बाजाराच्या दिवशी मोकळे झाले की मधूनच येऊन मिसळतात. त्यांचं नाव यादीत नसतं. मी हजेरी घेतो आणि शेवटी त्यांच्याकडे बघून म्हणतो, "आणि सर?"

"हाय," ते म्हणतात. मग आम्ही निघतो.