टीव्हीतला बाप

तीर्थपुरीत कारभारी आबांना ओळखत नाही असं घर नव्हतं. तीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. बाजाराच्या दिवशी गाडी कितीही भरलेली असो, आबा म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा करून देणारच. घरचं कुणी गाडीत बसलं तर स्वतःच्या खिशातून पैसे घालून त्याचं तिकीट काढायचे. माणूस सरळ, पण एका बाबतीत आंधळा. डोंगराकडच्या एका मठातल्या महाराजांवर त्यांची अतोनात श्रद्धा होती. सुट्टी मिळाली की त्यांची पावलं तिकडंच वळायची.

त्याच मठात त्यांनी आपली शेंडेफळ लेक दिली, गोकर्णा. मुलगा महाराजांचा पुतण्या आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. लग्नाला वर्ष होत नाही तोच गोकर्णा मठाच्या विहिरीत सापडली. पोलीस आले, महाराजांना धरून नेलं, तेव्हा कुठं गावाला कळलं की पुतण्या म्हणून बोहल्यावर उभा केलेला मुलगा नावापुरताच होता. मठात महाराजांच्या आठ बायका होत्या आणि गोकर्णा आठवी.

गावाला तेव्हा कळलं. आबांना त्याच्या तीन महिने आधीच कळलं होतं.

पंचमीला गोकर्णा एकटीच माहेरी आली होती. झोका नाही, मेंदी नाही. चुलीपाशी बसून तिनं आई-बापाला सगळं सांगितलं. "आबा, माझ्याआधी सात जणी हायेत. मला न्हाई जायचं तिथं." आबा रात्रभर सुपारी चघळत बसून राहिले. महाराज म्हणजे साधा माणूस नव्हे, त्यांच्या वागण्याला आपले नियम लावायचे नसतात, असं ते वर्षानुवर्षं मठात ऐकत आले होते. शिवाय लोक काय म्हणतील, हे होतंच. सकाळी ते म्हणाले, "जा माय. सवय व्हईल." त्यांच्या बायकोनं, नंदाबाईनं, लेकीची ओटी भरली. आबांची त्या दिवशी त्याच मार्गावर ड्युटी होती. त्यांनी आपल्याच गाडीत लेकीचं तिकीट काढलं, फाट्यावर तिला उतरवलं आणि दोनदा बेल दिली.

हे नवरा-बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघं आपसातही त्यावर कधी बोलले नाहीत.

सहा वर्षांनी मुंबईहून एका गुन्हेगारी मालिकेची माणसं आली. त्यांचा लेखक दोन दिवस वही उघडून आबांसमोर बसला, आणि दुसऱ्या दिवशी आबांनी त्याला सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांचा आवाज तिकीट विचारतानाच्या आवाजासारखा कोरडा होता. लेखकानं सगळं उतरवून घेतलं. तेव्हापासून आबा त्या भागाची वाट पाहत होते. गावासमोर आपल्या तोंडून निघत नाही ते टीव्ही सांगेल. मग लोक थुंकले तरी चालतील, पण गोकर्णा घरी आली होती, तिनं सांगितलं होतं, हे एकदा जगाला कळू दे.

रविवारी दुपारी दोन वाजता घर माणसांनी भरलं. शेजारचा मच्छिंद्र सगळ्यांत पुढं बसला.

"आबा, तुमचं काम कोण करून राह्यलंय? हीरो पाह्यजे बरं का!"

"गप रे, लागू दे," नंदाबाई म्हणाली.

भाग लागला. टीव्हीतला बाप लाल फेटा बांधून उसाच्या फडात कोयता घेऊन उभा होता. आई पैठणी नेसून जात्यावर दळत होती.

"मावशे, घरात पैठणी नेसता आन् आम्हाला दावत बी न्हाई!" मच्छिंद्र म्हणाला. सगळे हसले. नंदाबाई हसली नाही.

पुढं सात बायका एकसारख्या पिवळ्या साड्या नेसून जाळाभोवती नाचल्या. काळ्या चष्म्याचा इन्स्पेक्टर चारदा गाडीतून उतरला. गोकर्णाचं नाव बदललं होतं. तिच्या जागी घेतलेली मुलगी रडत होती, पण तिची लाली काही पुसली जात नव्हती. आबा एसटीची वाट पाहत होते. एसटी आलीच नाही. मुलगी माहेरी आलीच नाही. टीव्हीतल्या बापाला कुठूनसं कळलं, तो एकटा मठावर धावून गेला, दार फोडलं, "माझी लेक परत द्या!" म्हणून ओरडला आणि काठ्या खाऊन रक्ताच्या थारोळ्यात पडला.

घरातल्या बायका पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या.

"असं झालं न्हाई," आबा म्हणाले.

"थोडं वाढवून दावत्यातच की, आबा," मच्छिंद्र त्यांच्या पाया पडत म्हणाला. "पण बाप बराबर दावला. बिलकुल तुमच्यावाणी."

"आरं, झालंच न्हाई तसं."

"बरं, बरं. त्रास नका करून घेऊ." जाता जाता सगळे एकेक करून आबांच्या पाया पडले. त्यांना पाय मागं घेता येईनात.

घर रिकामं झालं. त्यांच्या मुलाची, कल्याणची, लेक आकांक्षा तेवढी थांबली होती. चौदा वर्षांची पोर. ती आजोबांच्या खांद्याला टेकून बसली.

"आबा, दार तुम्ही एकट्यानं फोडलं? मला कधी सांगितलंच न्हाई."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. सगळं गाव ते खरं धरूनच गेलं होतं.

"मी मठात गेलोच न्हाई," ते म्हणाले. "तुझी आत्या आल्ती घरी. पंचमीला. तुला आठवतं?"

"थोडं थोडं. तिनं मला बांगड्या दिल्त्या. काचाच्या."

"तिनं आम्हाला सगळं सांगितलं व्हतं. तरी मी तिला माघारी धाडलं. माझ्याच गाडीनं."

खांद्यावरचं आकांक्षाचं डोकं हळूच उचललं गेलं, एवढं आबांना कळलं.

"उतरल्यावर आत्यानं मागं वळून पाह्यलं का?"

"न्हाई. मी पाह्यत व्हतो. ती तशीच उभी व्हती, ओटी गच्च धरून. गाडीतली माणसं वरडायला लागली, मंग मी बेल दिली."

नंदाबाई टीव्हीकडं पाठ करून गहू निवडत बसली होती. तिचे हात थांबले. सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्या दिवसाबद्दल बोलली.

"ओटी म्या भरली व्हती," ती मान वर न करता म्हणाली. "ते बी सांगा पोरीला."