काकांचे बूट

तुमसरच्या पलीकडे जंगलाला लागून आमची मॅंगनीजची खदान होती. कधीकाळी कुणा गोऱ्या साहेबानं तिथं गोल्फचं मैदान आखून ठेवलं होतं. हिरवळ नावालाही नव्हती. माणसांनाच पाणी पुरत नसे, गवताला कोण घालणार. चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती वाळूत जळकं तेल कालवून दाबून बसवलेलं असे. त्या काळ्या गोलाला सगळे ब्राऊन म्हणत. त्यावर बूट घालून जायचं नाही, असा नियम. वाळू उखडते, मग चेंडू वाकडा जातो. साहेब असो की मी, काठावर पायताण काढायचं आणि देवळात शिरावं तसं आत जायचं.

मी खदानीत ब्लास्टर होतो. घर साताऱ्याकडं, दोन दिवसांच्या वाटेवर. शाळा सातवीतच सुटलेली. मॅनेजर साहेबांना रविवारी खेळायला जोडीदार मिळेना म्हणून त्यांनी मला शिकवलं, एवढंच माझं गोल्फ. पण सुरुंगाचं काम शिकवलं ते काकांनी. ते तिकडच्याच सानगडीचे. नात्यातले नव्हते, पण परक्या मुलखात मला पहिलं ताट त्यांच्या घरी मिळालं, आणि परवान्याच्या परीक्षेचा अभ्यासही त्यांच्याच कंदिलाखाली झाला. आज जे दोन घास खातो ते त्या घराचे आहेत.

सुरुंगाचं काम ऐकायला सोपं आहे. दगडात भोकं पाडायची, दारू भरायची, वाती पेटवून आडोशाला जायचं आणि आवाज मोजायचे. जेवढी भोकं तेवढे आवाज. एक कमी आला तर एक सुरुंग आत जिवंत आहे, आणि मग त्या दगडाजवळ कुणालाही जाऊ द्यायचं नाही. काका अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत मोजत. त्यांचं मोजणं कधी चुकलं नाही.

चुकलं ते एकदाच. खदानीचा नवा फेस, म्हणजे जिथं दगड फोडायचा ती उभी कड, मलब्याच्या डोंगरासमोर उघडला होता. डोंगरावर आपटून आवाज परत येई, तो खऱ्यासारखाच. त्या दिवशी मी तापानं पडून होतो. काकांनी परत आलेला एक आवाज मोजणीत धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ड्रिलवाल्याला कुठं भोक पाडायचं ते दाखवत उभे होते, आणि त्यांच्या पायाजवळचा दगड उडाला. ड्रिलवाला वाचला. काका गेले.

तेराव्यानंतर काकीनं त्यांचे बूट माझ्यापुढं ठेवले. जाड तळाचे, त्याच हिवाळ्यात सगळ्या ब्लास्टरांना वाटलेले. माझे मी गावी भावाला धाडून दिले होते. काकांचे मात्र शेवटपर्यंत पायातच होते. तिनं ते धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवले होते.

"घाल, बाबू. घरात ठेवून मी काय करू यायले?"

मी घातले. आणि तेव्हापासून मला मोजता येईना. चार-पाच आवाजांपर्यंत ठीक असे, मग डोक्यात गलका उठे. हा खरा की परतलेला? दोन वेळा मी सगळे सुरुंग उडालेले असताना लोकांना अडवून ठेवलं. मुकादम तोंडावर म्हणाला, "म्हातारा गेला आन् ह्याचे कान घेऊन गेला."

शनिवारी साहेबांनी बोलावलं. "सोमवारी पुन्हा त्याच फेसवर ब्लास्ट आहे. तू करणार, की दुसरीकडून माणूस मागवू? कल शाम तक बता दे. और सुबह खेलने आ जाना."

नाही म्हटलं तर परवाना गेला, आणि त्याच्याशिवाय मी कोण? हो म्हटलं आणि चुकलो तर त्या फेसच्या पायथ्याशी टोपल्यात गोटे वेचणाऱ्या बाया होत्या. काका गेल्यापासून काकीही त्यांतच होती.

रविवारी माझा खेळ पाहवत नव्हता. पहिला चेंडू पळसाच्या झुडपात, दुसरा नाल्यात. साहेब म्हणाले, "मारतोस इथं आणि बघतोस तिकडं. गेंद देखो, बस." चेंडूच पाहत होतो, पण कान मैदानाच्या टोकाला असलेल्या मलब्याच्या डोंगराकडं होता. स्टिकचा टक् आवाज तिथून परत येई आणि पुढचा फटका वाकडा जाई.

मलब्याच्या पायथ्याचं ब्राऊन आलं. काठावर बूट काढले आणि आत गेलो. तेलकट वाळू गार होती. मी वाकून चेंडूला नेम धरत होतो तेवढ्यात वर डंपर रिकामा झाला आणि एक धोंडा खाली आदळला. कानात दोनदा वाजलं. पायाखाली एकदाच.

मी तसाच वाकून राहिलो. साहेब म्हणाले, "मार ना." मी म्हणालो, "थांबा साहेब, अजून एक पडू द्या." दुसरा धोंडा पडला. तळव्यांना एकदाच. तिसराही तसाच. परत येणारा आवाज हवेतून येत होता, जमिनीतून येत नव्हता. त्यानंतर चेंडू मारला तेव्हा तो टक् आधी हातात लागला, आणि मागून जो आला त्याच्याकडं मी लक्ष दिलं नाही. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा डोक्यात शांत होतं. चेंडू सरळ जाऊन भोकात पडला. पुढची सगळी भोकं मी अनवाणीच खेळलो. काटे भरले, पण एक चेंडू हरवला नाही.

साहेबांना हो सांगितलं. रात्रीचं जेवण काकीकडं होतं.

"उद्या त्या फेसवर तूच आहेस?" मी विचारलं.

"मीच आहो. काहून? तुले भेव वाटून राहिलं?"

"वाटतं."

"मलेबी वाटते. पन गोटे का आपल्या पायानं टोपल्यात येतीन?" तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

सोमवारी दुपारी आडोशामागं मी बूट काढले. उन्हाळ्याचा दगड, तळवे भाजत होते. दहा भोकं होती. वाती पेटल्या. मी डोळे मिटले आणि अंगठा पेरांवर ठेवला. आवाज थांबले तेव्हा कान म्हणत होते दहा. अंगठा नवव्या पेरावर होता.

"एक मिस आहे. कुणी जायचं नाही."

मुकादम उसळला. "दहा झाले, म्याबी मोजले. आता पायानं मोजते का हा?" माणसं हसली. दोघंतिघं टोपल्या घेऊन उठलीदेखील. मी वाटेत उभा राहिलो. तेवढ्यात काकीनं टोपलं पालथं घातलं आणि त्यावर बसली.

"मी नाई जात बा," ती म्हणाली. "ज्याले जा लागते त्यानं जावं."

मग कुणीच गेलं नाही. साहेबांनी तो फेस सकाळपर्यंत बंद ठेवला. सकाळी पाण्याच्या धारेनं राड धुतली तेव्हा दगडात दारू भरलेलं भोक दिसलं. वात अर्ध्यावरच विझलेली. त्याच्या खालीच बायांची जागा होती.

संध्याकाळी काकीनं माझे तळवे पाहिले आणि फोडांना खोबरेल लावलं.

"बूट काहून काढले होते?"

मी सांगितलं. धोंड्याचं, पायाखालच्या आवाजाचं, सगळं. ती ऐकत राहिली, आणि मधेच तिचा हात थांबला. माझ्या तेव्हा लक्षात आलं की मी हे तिला सांगायला नको होतं.

"जलमभर ते खदानीत अनवानी गेले," ती म्हणाली. "बूट त्याच हिवाळ्यात भेटले. मीच म्हनलं, घाला, गोटे टोचतेत."

मी म्हणालो, काकी, तसं काही नक्की नाही. माझ्या दुसऱ्या पायाला तेल लावून झाल्यावर तिनं दाराशी ठेवलेले बूट उचलले आणि आत नेऊन ठेवले. मी त्या खदानीत होतो तोवर ते पुन्हा बाहेर आले नाहीत.