गिअर माझ्याकडे होता

आमची गाडी चालवायला दोन माणसं लागायची. हे सांगितलं की लोक हसतात, मीही पूर्वी हसायचे. यजमानांचा डावा हात मनगटापासून नव्हता. त्यामुळे स्टिअरिंग, क्लच आणि ब्रेक त्यांच्याकडे, गिअर आणि हँडब्रेक माझ्याकडे. अशी आम्ही सात वर्षं गाडी चालवली.

हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. पारगावला आमचा ऊस आणि दोन म्हशी. गाडी त्याच्या चारच महिने आधी घेतली होती, जुनी, पांढरी, काडेपेटीएवढी. पूर्वी ती एका डॉक्टरांची होती, म्हणून आत कितीतरी दिवस औषधांचा वास यायचा. हात गेल्यावर ती गोठ्याशेजारी पत्र्याखाली वर्षभर उभी राहिली. कोंबड्या टपावर बसायच्या. विकायचं नाव काढलं की हे ताटावरून उठायचे, म्हणून मी नाव काढणं सोडलं.

एक दिवस सकाळी त्यांनी गाडी धुतली, एका हाताने, दोन तास लावून. मग मला हाक मारली, "चल, बस जरा." मी पदर खोचून डावीकडे बसले. त्यांनी गिअरच्या दांड्यावर बोट ठेवून दाखवलं. "ह्यो पहिला. ह्यो खाली दुसरा. मी हं म्हनलं की वढायचं. मी म्हनायच्या आदी हात लावायचा न्हाई." त्या दिवशी गाडी गोठ्यापासून रस्त्यापर्यंत नऊ वेळा बंद पडली. मी मोजलं, कारण दर वेळी ते माझ्याकडे असं बघायचे, जणू म्हशीने बादली लाथाडली असावी.

पण जमलं. पहिल्या वर्षी ते "हं" म्हणायचे, पुढे नुसती मान हलवायचे, आणि नंतर काहीच नाही. इंजिनाचा आवाज जड झाला आणि त्यांचा डावा गुडघा खाली गेला की माझा उजवा हात आपोआप जायचा. कारखान्याचा सीझन सुरू झाला की रस्ताभर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. त्यांच्या मागे पहिला, दुसरा, परत पहिला करताना मनगट भरून यायचं. तरी मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, तोवर आम्ही दोघं शेजारी शेजारी कधी बसलोच नव्हतो. सासू-सासरे होते तोवर यांच्याशी बोलायचं ते भिंतीकडे बघून. गाडीत मात्र मी त्यांच्या बरोबरीने बसायचे, आणि माझ्यावाचून गाडी इंचभर हलायची नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, "बाई, तुझं बरंय, नवरा तुझ्या हातात." मी मिरवून घ्यायचे.

एकदा आळेफाट्याच्या अलीकडे हवालदाराने अडवलं. त्याने आधी यांचा हात पाहिला, मग माझा, आणि मला म्हणाला, "ताई, लायसन दावा."

"मी कुठं चालवतीय?"

"मग गिअर कोन टाकतंय, मी?" तो हसला, आम्हीही हसलो. जाताना म्हणाला, "जावा राव, पण घाटात जपून."

घाट म्हणजे आण्याचा. माझं माहेर आण्याला, वर पठारावर. पारगावाकडे उसाची हिरवी भिंत, तर तिकडे बाजरी, मटकी आणि वारा. वडील लवकर गेले, भाऊ मुंबईला, आई एकटीच राहायची. महिना-दीड महिन्याने आम्ही गाडी घेऊन जायचो. आईला कौतुक फार. गाडी अंगणात लागली की ती पाण्याचा तांब्या आणून आधी चाकांवर पाणी घालायची आणि मग पदर पुढे ओढून चुलीकडे पळायची, कारण जावई आले होते. मग पुरणपोळी, आमटी, तळण. हे ओसरीवर खाटेवर बसलेले, आई आत, आणि मी मधे ताटं घेऊन ये-जा करणारी. संध्याकाळच्या आत घाट उतरायचा म्हणून चार वाजता आम्ही निघायचो. निघताना ती माझ्या ओटीत मटकीची पुडी घालायची आणि हळूच म्हणायची, "पोरी, येकदा येकटी ये गं. जावईबापू असले की मला चुलीपुढनं उठता येत न्हाई. तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की आत्ता."

"असं न्हाई. निवांत."

हे ती मला किती वर्षं म्हणत होती. मी "येते येते" म्हणायचे. एसटीने जायचं तर तीन ठिकाणी बदलावी लागायची. पण खरं कारण ते नव्हतं. दारात गाडी असताना बाई पिशवी घेऊन एसटीने माहेरी उतरली, तर दोन्हीकडचे लोक एकच म्हणणार, भांडून आली. म्हणजे जायचं तर गाडीने, आणि गाडीने जायचं तर यांच्याबरोबर. एवढी बरोबरीची मानकरीण मी, पण मला एकटीला कुठे जाता येत नव्हतं, आणि हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

शिकायची संधी आली नव्हती असंही नाही. एका उन्हाळ्यात ऊस तुटून गेल्यावर यांनी गाडी मोकळ्या रानात घातली, खाली उतरले आणि माझं दार उघडून म्हणाले, "सरक तिकडं. शिकवतो तुला." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हात गेल्यापासून या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच काम उरलं होतं. दूध मी काढायचे, विहिरीवरची मोटार मी चालू करायची, शर्टाची बटणं मी लावायची. आता गाडीही घेऊ? मी म्हटलं, "नगं बाई. तुमच्याबिगर मला जमायचं न्हाई." ते परत जाऊन आपल्या जागेवर बसले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं. आपण नवऱ्याचा मान राखला म्हणून मी मनात खूश होते.

त्यानंतर दोन वर्षांनी, सीझन भरात असताना, यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, उठून बसवेना. मुलगा पुण्याला होस्टेलवर होता, त्याची परीक्षा होती. आणि त्याच आठवड्यात आण्याहून शेजारणीचा फोन आला, आईने अंथरूण धरलंय, छातीत कफ झालाय, अन्न जात नाही.

आई पडल्याच्या चौथ्या दिवशी मी यांना पेज करून ठेवली, म्हशी शेजारी सोपवल्या आणि पहाटेच्या एसटीने निघाले. पोहोचायला दुपार झाली. घरात पाच-सहा बाया बसलेल्या. आईने माझा हात धरला आणि सोडला नाही. बाया तिच्या पथ्यावर बोलत होत्या, माझ्या सासरच्या उसावर बोलत होत्या, आणि आई नुसती त्यांच्याकडे आणि माझ्याकडे बघत होती. तीनची एसटी चुकली असती तर रात्री यांना पाणी द्यायला कुणी नव्हतं. मी उठले तेव्हा ती म्हणाली, "रातभर ऱ्हा."

"ह्यांना बरं वाटलं की गाडी घिऊन येते गं. दोन दिसांत येते."

"गाडी नगं," ती म्हणाली. "तू ये."

दोन दिवसांत यांना बरं वाटलं नाही, उलट आता त्यांना दिवसभर एकटं सोडवेना. मी गावात दोघा-तिघांना विचारलं, गाडी चालवून आण्याला नेता का म्हणून. ज्याला म्हणून चालवता येत होती तो ट्रॅक्टरवर, कारखान्याच्या रांगेत. "सीझन संपू द्या वयनी," म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही, रांग सोडली तर ऊस वाळतो. भावाला फोन केला, तो म्हणाला रविवारी रजा मिळतेय.

अकराव्या दिवशी सकाळी शेजारणीचा परत फोन आला. "लगीच निघा. आवाज बदललाय." पहाटेची एसटी गेली होती, पुढची दहाला. मी अंगणात आले तर समोर गाडी उभी. किल्ली खिळ्याला होती. मी काढली आणि पहिल्यांदा उजवीकडच्या जागेवर बसले.

सात वर्षं मी गिअर टाकले होते, पण उजव्या हाताने. आता दांडा माझ्या डावीकडे आला होता आणि डाव्या हाताला काही म्हणजे काही येत नव्हतं. मी उजवा हात आडवा नेऊन पहिला टाकला. क्लच किती सोडायचा ते त्यांच्या गुडघ्यावरून मला माहीत होतं, माझ्या गुडघ्याला नाही. गाडीने हिसका दिला आणि गोठ्याच्या भिंतीवर जाऊन थांबली. म्हैस ओरडली. आवाज ऐकून हे भिंतीला धरत दारापर्यंत आले, पिवळे जर्द, आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी किल्ली काढून त्यांच्या पुढ्यात टाकली आणि रस्त्याकडे पळत सुटले. दुधाच्या टेम्पोने नारायणगाव, तिथून जीपने आळेफाटा, आणि पुढे मिळेल त्या ट्रकने घाट.

आण्याला उतरले तेव्हा अंगणात माणसं उभी होती. कुणीतरी म्हणालं, "लेक आली. आता उचला." भाऊ नुकताच मुंबईहून पोचला होता, आता माझ्यासाठीच थांबले होते. आई मी टेम्पोत असतानाच कधीतरी गेली होती. शेजारीण म्हणाली, शेवटपर्यंत शुद्धीवर होती. तिला मला काय सांगायचं होतं, ते शेजारणीला माहीत नव्हतं. कदाचित काहीच नसेल, नुसतं बोलायचं असेल. पण ते मला कधीच कळणार नाही, आणि हे मला अजून सोसत नाही.

तेराव्यानंतर घरी आले. मुलगा परीक्षा संपवून यांच्याजवळ येऊन राहिला होता, आणि यांचे डोळे पांढरे झाले होते. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग एकदा चहा देताना तोंडातून निघालंच, "तुमच्यापायी मी गाडी शिकले न्हाई. शिकले असते तर आई भेटली असती."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी म्हनलं व्हतं तुला. रानात. तूच न्हाई म्हनलीस."

"तुमाला वाईट वाटंल म्हनून म्हनलं."

"मला?" त्यांनी आपल्या मनगटाच्या टोकाकडे पाहिलं. "मला लई भ्या वाटायचं गं. दर टायमाला. घाटात तर हात घामानं वला व्हायचा. वाटायचं, येक हात निसटला की तुला घिऊन दरीत जाईन. तू शिकली असतीस तर मी सुटलो असतो."

"मंग चालवत का व्हता?"

"तुला आवडतं म्हनून."

मला त्यांचा इतका राग आला, आणि माझा त्याहून. दोघंही एकमेकांचं मन राखत बसलो आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसाने दिली. मी रडले, तेही रडले, आणि त्याने काही हलकं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि दोघांनी मिळून गाडी रानात नेली. तिथे जागा बदलल्या. ते डावीकडे बसले, मी उजवीकडे. पहिल्या दिवशी डावा हात चुकत राहिला. तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडायची थांबली. पाचव्या दिवशी रस्त्यावर आणली. नवव्या दिवशी मी एकटी आण्याला गेले, घाट चढून, एकदाही न थांबता. दाराला भावाचं कुलूप होतं.

आठ दिवसांत मी गाडी शिकले. आई अकरा दिवस अंथरुणावर होती.