जुन्या चेनवर बेचाळीस दाती

आमच्या मिस्त्रींइतका किरकिरा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि मी स्पेअर पार्टच्या दुकानात बसतो, म्हणजे माझं अर्धं आयुष्य किरकिऱ्या माणसांतच गेलंय.

आमच्याकडच्या चढावर कारला वळायला जागा नाही, म्हणून वर राहणाऱ्यांकडे जाड चाकांच्या, चारचाकी क्वाड बाईक. त्या सगळ्या मिस्त्रींच्या हाताखालून जातात. कुणी म्हणालं, "मिस्त्री, स्प्रॉकेट बदलायचंय," की यांची उलटतपासणी सुरू. "चढ किती? बसणार किती जण? वजन खरं सांग, बायकोला सांगतोस ते नको." मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दाते वाढले की गाडी ओढते जास्त आणि पळते कमी, पुढच्या स्प्रॉकेटचा एक दाता कमी केला की मागचे तीन वाढवल्यासारखं होतं. हा हिशेब ते खडूने फरशीवर मांडायचे आणि मग माझ्या दुकानात चिठ्ठी यायची.

त्यांचे नियम दोन. पुढच्या स्प्रॉकेटचा नट सोडवताना शाफ्ट फिरू नये म्हणून कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. तो गाडीवाल्यानेच दाबायचा. "गाडी तुझी, ब्रेक तुझा." आणि दुसरा नियम म्हणजे जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट कधीच चढवायचं नाही. वापरलेली चेन ताणलेली असते, नव्या दात्यांत ती नीट बसत नाही, आणि जोर पडला की उडते. "दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदम आण, नाहीतर दुसरा मिस्त्री बघ," असं म्हणून त्यांनी माझी कितीतरी गिऱ्हाइकं परत पाठवली. मी मनात शिव्या घालायचो.

मिस्त्रींचं घर चढावरचं शेवटचं. दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या किडन्या गेल्या. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस. मिस्त्रींनी भंगारातून एक क्वाड उभी केली, तिच्यावर मोडक्या कारची सीट पट्ट्यासकट बसवली, आणि वहिनींना खाली रस्त्यावर टॅक्सीपर्यंत न्यायला लागले. या गाडीचा नट सोडवताना ब्रेक दाबायला वहिनी बसायच्या. हाताने ब्रेक आणि तोंडाने मिस्त्रींची फिरकी, दोन्ही एकदम चालायचं.

त्या सोमवारी मिस्त्री स्वतः दुकानात आले. "मागचं अडतीस काढून बेचाळीस दाती लावायचंय. तिच्या अंगात पाणी साठतंय. शेवटच्या वळणावर इंजिन गुदमरतं."

स्प्रॉकेट होतं, चेन नव्हती. गुरुवारी येणार होती. मिस्त्रींनी स्प्रॉकेट काउंटरवर परत ठेवलं. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ! "मिस्त्री, उद्याच्या दोन फेऱ्या तर निघतील? वहिनींना काय त्या वळणावर उतरवणार आहात?"

त्यांनी दात्यांवरून अंगठा फिरवला. "दोनच फेऱ्या," म्हणाले आणि घेऊन गेले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हातारा एकदाचा वाकला म्हणून.

मंगळवारी उतरताना काही झालं नाही. परत येताना शेवटच्या वळणावर चेन उडाली आणि गाडी मागे घसरली. मिस्त्रींनी ब्रेक दाबेपर्यंत मागचं चाक दगडी कठड्याला टेकलं होतं. वहिनींचं कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण घरात शिरताना त्या म्हणाल्या, "या गाडीवर मी आता बसणार नाही."

गुरुवारी चेन आली तशी ती आणि पुढचं नवं स्प्रॉकेट घेऊन मी दुकान बंद करून वर गेलो. मिस्त्रींनी खिडकीकडे बघून हाक मारली, "अगं, येतेस का? नुसता ब्रेक दाबायचाय." वहिनी बाहेर आल्या नाहीत. त्यांनी मला मानेने खुणावलं. मी बसलो. त्यांनी वॉशरची नटावर दुमडलेली कड छिन्नीने सरळ केली, पान्हा लावला. नट सुटला तेव्हा मी म्हणालो, "मिस्त्री, माझं चुकलं."

"तू सांगितलंस. लावलं मी."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा वर गेलो. टॅक्सी खाली उभी होती. मिस्त्रींनी वहिनींच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या सीटला पट्ट्याने बांधल्या होत्या आणि ते त्या वळणावरून वरखाली करत होते. एकदा, दोनदा, पाचदा. वहिनी चौकट धरून दारात आल्या. चेहरा सुजलेला, श्वास तुटक.

"बघितलंस? जरासुद्धा हिसका नाही," मिस्त्री म्हणाले. "आता चेन नवी आहे. चल."

"अहो, राहू दे."

"मग खुर्चीतून नेतो. चौघांना बोलावतो."

"जिवंतपणीच चौघं कशाला?" त्या हसल्या. मग दम घेऊन म्हणाल्या, "तुमच्या गाडीत काही खोट नाही हो. मला भीती नाही वाटत तिची. मी दमलेय. कधीचीच दमलेय, तुम्हाला सांगवत नव्हतं. मंगळवारी गाडी मागे घसरली ना, तेव्हा वाटलं, सुटले. आणि तुम्ही ब्रेक दाबलात."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मिस्त्रींनी पट्टा सोडला, गोण्या एकेक करून उतरवल्या, सीटवर सांडलेली वाळू हाताने झाडली, मग खांद्यावरच्या फडक्याने सीट पुन्हा पुसली. मग गाडीशेजारी उकिडवे बसून त्यांनी चेन बोटाने वरखाली करून बघितली.

"पुढचं बारा दाती आहे का रे दुकानात?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं. "एक दाता कमी करून बघू. अजून हलकी ओढेल."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, हो म्हण म्हणून, आणि भिंत धरत आत आडव्या व्हायला गेल्या.

"आहे," मी म्हणालो. "आणतो."

मग मी खाली गेलो आणि टॅक्सीवाल्याला परत पाठवलं.