अठ्ठेचाळीस आकड्यांचं कुलूप

कुलूप ही वस्तू जगात नसती, तर ती आमच्या भाऊजींनी शोधून काढली असती आणि सगळ्यात आधी स्वतःच्या चपलांना लावली असती. भाऊजी म्हणजे माझे नंदोई. राहतात अकोल्याला, उभी हयात कापसाच्या गोदामावर गेली. नोकरी संपली, पण कुलूप ओढून पाहायची सवय काही संपली नाही. घरून निघताना तीनदा ओढतात, कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. एकदा आम्ही सगळे चिखलदऱ्याला निघालो होतो. परतवाडा आलं तरी यांचा जीव कुलपातच, म्हणून जीप उलटी फिरवून अकोल्याला नेली. कुलूप घट्ट लागलेलं होतं, फक्त ते कोयंड्यात न घालता नुसतं कडीलाच लावलं होतं आणि दार वाऱ्यानं खुशाल हलत होतं. नणंदबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. भाऊजी मात्र विजयी मुद्रेनं सगळ्यांना सांगत सुटले की बघा, मी म्हणत नव्हतो!

अशा माणसाच्या नजरेस माझा लॅपटॉप पडला. मी अमरावतीला महिलांच्या समुपदेशन केंद्रात काम करते. महिन्यातून दोनदा धारणीला जाते. तिकडच्या बाया आईजवळही बोलत नाहीत ते माझ्याजवळ बोलतात आणि मी ते नावागावासकट लॅपटॉपवर लिहून ठेवते. हे कुणा नवऱ्याच्या, दिराच्या हाती लागलं तर त्या बाईची धडगत नाही. मी भाऊजींना ठसक्यात सांगितलं की पासवर्ड आहे ना! त्यावर ते म्हणाले, "वहिनी, पासवर्ड म्हणजे दाराचा पडदा हाय. डिस्क काढून दुसऱ्या मशीनले लावली का सारं वाचता येते."

मग त्यांनी सगळी डिस्कच कुलूपबंद करायला घेतली, एन्क्रिप्शन का काय ते; गोदामाचे हिशेब कॉम्प्युटरवर गेले तेव्हा ते हे शिकले होते. आधी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून तीही कुलूपबंद करवली आणि केंद्राच्या कपाटात ठेवायला लावली. मग लॅपटॉपचं काम सुरू झालं ते दुपारभर चाललं, आणि भाऊजी प्लगपाशी स्टूल टाकून पहाऱ्याला बसले. फ्यूज उडेल म्हणून मला मिक्सर लावू दिला नाही, त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटली. शेवटी लॅपटॉपनं अठ्ठेचाळीस आकडे दिले. पासवर्ड विसरला तर हीच किल्ली. ते आकडे भाऊजींनी कुठे लिहावेत? स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे! म्हणे गणपती छापलेला कागद आपल्याकडे कोणी कचऱ्यात टाकत नाही.

खरंच टाकत नाही. विसर्जन करतात. पुढच्या खेपेला भाऊजींनी पत्रिका तपासायला मागितली, तर सासूबाईंनी जुन्या पत्रिका निर्माल्याच्या पिशवीत भरून तलावावर न्यायला दारात ठेवलेल्या. जावईमाणूस अंगणात उकिडवा बसून निर्माल्य उपसतोय, हे पाहून सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्रिका मिळाली, झेंडूनं पिवळी झालेली. तेव्हापासून ती माझ्या कपाटात साड्यांच्या खाली असते.

आणि एक दिवस धारणीहून येताना बसमधून लॅपटॉपची पिशवीच गेली. डोळ्यांसमोर एकेका बाईचं तोंड यायला लागलं. स्टँडवरूनच भाऊजींना फोन केला, रडतच. त्यांनी एवढंच विचारलं, "पुरा बंद केला होता का नुसतं झाकण लावलं होतं?"

पुरा बंद केला होता. नुसतं झाकण लावलं तर ते कुलूप पक्कं लागत नाही, म्हणून त्यांनीच माझ्या मागे लागून लागून ती सवय लावली होती.

"मंग घरी जाऊन जेवून घ्या, वहिनी. त्याले नुसता डबा भेटला. आतलं काई भेटत नाही."

लॅपटॉप सापडला नाही. पण वर्ष उलटून गेलं, एकाही बाईचं नाव कुठे फुटलं नाही. त्या बायांना भाऊजी माहीतही नाहीत. मला माहीत आहेत, आणि त्यांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

नव्या लॅपटॉपचं कुलूप मी स्वतः लावलं. नवे आकडे त्याच पत्रिकेवर, भाऊजींच्या तिरप्या अक्षराखाली लिहिले. वरच्या आकड्यांनी आता काहीच उघडत नाही, तरी ते खोडवले नाहीत.

हल्ली भाऊजींना आठवत नाही. बाजारात जाता जाता कोपऱ्यावर थांबतात आणि अकोल्याहून मला फोन लावतात. "वहिनी, मी कुलूप लावलं का?"

"लावलं, भाऊजी," मी अमरावतीहून सांगते. "मी ओढून पाहिलं."

मग ते निश्चिंत होऊन बाजारात जातात.